मोजलेले नाही

धडगावहून शहाद्यापर्यंत एक एसटी,
शहाद्याहून जळगावपर्यंत दुसरी,
आणि मांडीवर औषधाची जुनी बरणी :
ज्वारी, उडीद, मूठभर भुईमूग,
भाजून दळलेलं.
"अंगणवाडीत पोरांना देते," रायलीबाई पावरा म्हणाली.
"त्यात काय आहे ते साहेबाला कागदावर पाहिजे."

चोवीस तास, एकशे दहा अंशांवर,
तीव्र आम्लात, तोंड बंद केलेल्या नळीत
मी ते शिजवलं.
बाहेर एमआयडीसीत चव्वेचाळीस होतं,
समोरच्या डाळमिलची भुकटी खिडकीवर.
एसी यंत्राला आहे. मला
त्याच्या मागून जे सुटेल ते.

नळीत उरतं ते काळपट, बिब्ब्याच्या तेलासारखं.
हे कधी कुणाच्या ताटात बसलं असतं
असं वाटणार नाही कोणाला.
प्रथिन उसवतं,
टाका न् टाका.

मग वीतभर पोलादी नळी,
आत राळेचे दाणे, डोळ्याला न दिसणारे.
सगळे एकदम आत शिरतात.
सुपात पाखडलं तर कोंडा उडून जातो;
इथं उडत कोणीच नाही,
फक्त कोणाला उशीर होतो.
त्या उशिरावरूनच ओळखायचं कोण आलं.

अ‍ॅस्पार्टिक आधी, घाईत.
ग्लुटामिक उंच, कागदाच्या कडेला टेकणारं.
प्रोलीन तेवढं पिवळं उमटतं, बाकीचे जांभळे.
माझी दोन बोटंही जांभळी,
आठवडाभर साबणाला न जुमानणारी.
"जांभूय खादं का वं?" आई विचारते.
एप्रिलात कुठलं जांभूळ.

मधेच एक शिखर नॉरल्युसीनचं.
ते पिठात नव्हतं, मीच टाकलेलं, मोजून.
पंगतीत एक परका बसवायचा,
त्याच्या पानात किती पडलं ते आपल्याला ठाऊक,
त्यावरून बाकीच्यांचं ठरवायचं.
तो कोणाचा कोणी नाही
म्हणून त्याच्यावर भरवसा.

मेथिओनीन बारीक, सशाच्या कानाएवढं.
आणि तासभरानं, पंप कुरकुरत असताना,
लायसीन,
पायी आल्यासारखं.
ज्वारीकडे ते फारसं नसतं. हे उडदाचं.
मी पेन्सिलनं खाली रेघ ओढली, दोनदा,
तशी गरज नव्हती.

राहिलं ट्रिप्टोफॅन.
ते आम्लात टिकत नाही. पिठात होतं,
माझ्याच हातून, त्या चोवीस तासांत कधीतरी गेलं.
झांबरे सर म्हणाले, "शून्य टाका.
नाहीतर 'आढळले नाही'. रकाना मोकळा
बरा दिसत नाही."

बाकावर बसून, पाणी पिताना,
आवाज न चढवता तिनं सांगितलेलं :
मार्चच्या रजिस्टरात तिच्या पाड्यावर
तीव्र कुपोषित बालके, निरंक.
वजनकाटा जानेवारीपासून बंद होता.
"साहेबानं विचारलं, आकडा?
काटा नाही म्हटलं. मग त्यानं
निरंक लिहिलं."
आणि ग्लास विसळून पालथा घातला,
जागच्या जागी.

मी रकान्यात लिहिलं : मोजलेले नाही.
खाली बारीक अक्षरात,
आम्लात नष्ट होते, अल्कलीत वेगळी चाचणी लागेल.
सर चष्म्यावरून बघत राहिले.
"आणि त्या चाचणीचे पैसे?"

बरणीच्या तळाशी दोन चमचे पीठ उरलंय.
झाकणाचा आटा झिजलेला, तीनदा फिरवलं तेव्हा बसलं.
चिकटपट्टीवर तारीख घातली
आणि फ्रीजमध्ये ठेवली ती,
पुढच्या फळीवर, दार उघडताच
दिसेल अशी.