शब्द क्रमांक सात

दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
घणसोली गावातल्या समाजमंदिरात
कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून ठेवते
आणि फळ्यावर दहा शब्द लिहिते.
दहाच. अर्थ मात्र पंचवीस-तीस निघतात,
फी तेवढीच.

शिफ्ट. म्हणजे पाळी. म्हणजे हलवणे.
रबाळ्याच्या कंपनीतला भानुदास गवारे वहीत लिहितो:
माझी शिफ्ट रात्रीची.
माझी खोली शिफ्ट, अकरा महिने भरले.
मग दुसरी ओळ खोडतो.
"एवढ्या मोठ्या भाषेत
अक्षरांची टंचाई आहे का, मॅडम?"

पास. गुणाबाई मढवींचा हात वर.
नातू पास झाला.
सासू पास झाली, होळीच्या आदल्या दिवशी.
पुढचं 'अवे' विसरल्या,
वर्गाने दोघांसाठीही टाळ्या वाजवल्या.

गुणाबाई येतात, कारण घरी
सून आणि नातू इंग्रजीत जेवतात,
मीठ कुणी मागितलं ते यांना कळत नाही.
यांना, ज्यांच्या सासऱ्याचं
खाडीला लागून मिठागर होतं.

सातवा शब्द प्लॉट.
हा शिकवायचीच गरज नव्हती.
"साडेबारा टक्क्यांचा," त्या म्हणाल्या,
"आजून फाइलीत हाय."
बरोबर, मी म्हटलं,
पण गोष्टीलाही प्लॉट असतो.
आधी काय झालं, मग काय झालं,
आणि एकामुळे दुसरं कसं झालं.
तिसरा अर्थ, माझा आवाज का कोण जाणे खाली आला,
कट.
चारजणांनी दार लावून ठरवलेला.

पंखा कटकट करत होता.
गुणाबाईंनी पेन्सिल जिभेला लावली,
तीन अर्थांसाठी आखलेल्या तीन ओळी
एका तिरक्या रेघेने जोडल्या.
"मंग तीन कशाला लिवायचं, बाय?
ह्यो एकच अर्थ झाला ना."
आणि वही मिटता मिटता,
जणू उरलेले सुट्टे पैसे मागावेत तसं,
"गोष्टीचं बाकीचं साडेसत्त्याऐंशी टक्के
कुठं रेलं?"

मी डस्टर शोधत राहिले.
ते माझ्याच हातात होतं.

आठवा शब्द फळ्यावर तयार होता, लीव्ह.
रजा. सोडून जाणे. मागे ठेवून जाणे.
तो पुढच्या मंगळवारवर ढकलला.
भानुदास आधीच उठला होता,
त्याची शिफ्ट होती.
कुठली, ते मी विचारलं नाही.