सुरकुती

चॅपलटाऊनमध्ये, लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत
आयोना लिबर्ड कागद फाडत बसते.
कात्री आहे, पण ती खिळ्याला.
"कापलं की माणूस फोटोला उभा राहतो," म्हणते,
"फाडलं की निघतो."

आईचा झगा बसच्या तिकिटांचा.
लीड्समध्ये बावीस वर्षं कंडक्टर होती ती.
दंडाला साखरेची पिशवी,
नेव्हिसमधल्या उसाचा हिशेब
कुणी ठेवला नाही, म्हणून.
मान ब्राऊन पेपरची. नाही जमली.
मग चहात बुडवलेलं वर्तमानपत्र,
तव्यावर करपवलेली कड,
चॉकलेटचा जांभळा कागद, उलटा.
एका काळ्याने कुणाचंच भागत नाही.

अडलं गुडघ्यावर.
ऑगस्टच्या मिरवणुकीत
आई ज्यावर गर्रकन वळायची तो गुडघा.
सकाळी दुखणारा.
ढोल आला की विसरणारा.

मी खाली धुणं टाकून वर आलेली.
पर्समधलं सांगलीचं पाकीट देते,
आतून निळी जाळी असलेलं.
ती नखाने खाच पाडते, उभं फाडते;
माझा अर्धा पत्ता जातो गुडघ्यात.
खळ लावते, अंगठ्याने दाबते.
सुरकुती पडते.
मी सारखी करायला हात पुढे करते.

"थांब," ती म्हणते,
"तिथूनच तर वाकतो."