हेराल्ड

तासगावच्या बेदाणा शेडमध्ये, रिकाम्या क्रेटांच्या मागं
ती उभी होती. दोन दारांची. छत कापलेली.
छत वरातींसाठी कापलं, मालक म्हणाला,
नवरदेव दिसाय नको काय लोकांना?
सीटखाली मूठभर बेदाणे निघाले
आणि झेंडूची वाळकी माळ, दोऱ्यासकट.

रत्नप्रभा आत्यानं माळ बाजूला ठेवली,
गुडघ्यावर हात टेकून वाकली,
पान्यानं पत्रा ठोकत गेली,
जिथं आवाज बद्द आला तिथं खडूनं फुली.
अकरा फुल्या.
मालकानं दीड लाख सांगितले होते.
ती एकेका फुलीचे पाच हजार वजा करत राहिली,
मोठ्यानं, पाढे म्हटल्यागत.
पंचाण्णववर आली तेव्हा मालकानं चहा मागवला.

अडुसष्टाव्या वर्षी कुणी ठेव मोडतं का,
बाबा मला फोनवर विचारत होते.
मी म्हणालो, मोडली.

मिरजेत, बाबालाल शिकलगारांच्या गॅरेजात
बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलथलं
आणि आत इंजिन इतकंसं निघालं
की दुसऱ्याच्या घरात चुकून डोकावल्यासारखं
मी नजर वळवली.

मग रविवारच रविवार.
रॉकेल, पॉलिश पेपर, नखांतलं काळं.
पितळेचा एक सांधा कुठंच मिळेना,
तो कोल्हापुरात उद्यमनगरच्या लेथवर पाडून घेतला.
दोनदा चुकला. दोन्ही चुका आत्यानं पैसे देऊन घरी आणल्या,
एकावर आता उदबत्ती लावते.
या सांध्याला ग्रीस चालत नाही, बाबालाल म्हणाले,
तेलच पाहिजे, तेही थेंबानं.
तिनं पर्समधून काचेची सिरिंज काढली,
उजेडाकडं धरून बुडबुडा घालवला.
मी म्हणालो, म्हणजे हा पण पेशंटच की.
नाही रे, ती म्हणाली.
हे पुन्हा उघडून बघता येतं.

डॅशबोर्डच्या लाकडाचे पापुद्रे सुटले होते.
मोटारीचं काम आपण करत नाही,
असं म्हणत मोहसीन सतारमेकरांनी फळी ठेवून घेतली.
भोपळ्यांच्या ढिगाशेजारी महिनाभर ती वाळत होती,
चपड्याचे सात हात प्यायली.
न्यायला गेलो तर बोटाच्या पेरानं टिचकी मारून म्हणाले,
तुणीचं नव्हं हे. पण ऐकतंय.

एकदाच सांगितलं तिनं, दाराची मूठ घासता घासता.
शहात्तर साली, पहिल्या नोकरीत,
डॉक्टरांची अशीच होती.
रात्री-अपरात्री कॉल यायचा. सिस्टरनं मागं बसायचं,
मांडीवर उकळलेल्या हत्यारांचा डबा.
मागून माणसाची मान दिसते नुसती, ती म्हणाली,
रस्ता दिसत नाही.
आणि पुन्हा मूठ घासू लागली. मूठ कधीच चकाकत होती.

पहिल्यांदा बाहेर काढली ती पहाटे, म्हैसाळ रोडला.
आत्या स्टिअरिंगवर. डोक्याला स्कार्फ, पायात पांढरे कॅनव्हास,
दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना
गाडी आणि ती, दोघी एकदम दात खात होत्या.
फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती.

दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला
गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारून थांबला.
ह्यातनं माझी वरात निघाल्ती, म्हणाला. चौऱ्याण्णवला.
हितं खरचटलंय न्हवं, ते आमच्या मेव्हण्याचं कडं.
आत्यानं बघितलं. तो ओरखडा
आम्ही दोन रविवार घासून गेला नव्हता.
बसा की, ती म्हणाली, फाटक उघडेपर्यंत.

मी उठून मागं गेलो.
त्यानं चपला झाडल्या, पुढं बसला, ताठ,
हात मांडीवर, जसं कुणी फोटो काढणार आहे.
मालगाडी गेली, डबे मोजता मोजता मी चुकलो.
फाटक वर झालं.
आणि मला दिसली तिची मान,
स्कार्फखाली चिकटलेली दोन पांढरी केसं,
आणि तिच्या खांद्याचा एक झटका:
तिसरा गिअर पडला.

अवो बाई, तो ओरडत होता,
दूध राह्यलं माझं, दूध!
ती म्हणाली, काय? वाऱ्यानं ऐकू येत नाही.