तीस सेकंद शांतता

सीमा आम्ही भाड्याने आणली.
चाळीस मीटर जाळी, सजाच्या भंगारवाल्याकडून,
दोन दिवसांचे दीडशे दिरहम,
आणि वाकली तर विकत घ्यायची, ही अट.
मसाफीच्या पुढे एका कोरड्या वादीत
शिबिनने ती उभी केली, लांब जाऊन डोळा मिटून पाहिली,
म्हणाला, तिकडे ओमान. हे इकडचं.
एक बकरी खालून गेली
आणि परत आली.

शिबिन आठवडाभर मोबाइल दुरुस्त करतो.
मी एसीच्या डक्टांच्या गोदामात पत्रे मोजतो,
सुट्टीच्या दिवशी ध्वनिमुद्रक:
रंगाऱ्याची काठी, टोकाला माईक,
माईकला माझ्या बायकोने विणलेली कानटोपी.
टँकर गुलशेरचा, पाण्याचा.
दिवसाची फेरी बुडतेय म्हणून
तो चाकाच्या सावलीत घड्याळ बघत बसलेला.

चोरून येणारे अकरा.
सिल्हेटचे पाच, नेपाळचे चार,
एक आमच्याच गोदामातला रोशन, ज्याला खरं तर हिरो व्हायचं होतं,
आणि गनीभाय सारंग, दाभोळचा,
शारजात एकतीस वर्षं बेकरीच्या भट्टीपुढे.
मानधन बिर्याणी,
आणि रात्री खोलीच्या दारापर्यंत सोडणं.

शिबिन ओरडला, आत गेलात की सगळे रडा,
आईला हाका मारा, ज्याला त्याला आपापल्या भाषेत.
गनीभायचं डोकं झाकणातून वर आलं.
"रडत नाय कोन. रडला की हवा सरते."

तुम्हाला कसं ठाऊक, चाचा?

"ऐकलेला."

मग थोड्या वेळाने, जणू दुसऱ्याच कुणाला:
"आन् टाकी कोरडी कशाला ठेवलीस?
घोट्याएवढा पानी हवा.
मोकळी टाकी वाजते.
शिपाय वाकून खालीच ठोकतो."

हेही ऐकलेलंच असणार.

मेलेला फोन हातात अचानक थरथरावा
तसा शिबिनचा चेहरा झाला.
कॅमेरा वळवला, चाचा, हेच एकदा इकडे बघून.
गनीभायने आधी खिशावर हात ठेवला, जिथे ओळखपत्र असतं,
मग तोंड फिरवलं.
"पाठ घे. पाठीला नाव नसता."

उजेड उतरल्यावर माझं काम.
दर जागेची शांतता वेगळी,
ती आधीच घेऊन ठेवावी लागते,
नंतर कापाकापीतल्या फटी बुजवायला, पुट्टीसारखी.
शिवाय फुकट.
म्हटलं, तीस सेकंद कुणी हलू नका. झाकण लावा.

कानात घोट्याएवढं पाणी.
कुणाच्या तरी पोटातली बिर्याणी.
पत्रा निवताना करतो तो बारीक आवाज.
आणि तेविसाव्या सेकंदाला, आतून,
बोटाच्या पेराने दोन ठोके.
थांबून एक.

गुलशेर बाहेर माझ्यापासून हातभर अंतरावर होता.
त्याने घड्याळावरून नजर काढली नाही,
फक्त हात मागे नेला
आणि पत्र्यावर तसेच परत दिले.
दोन. थांबून एक.

शिबिन म्हणाला, टेक गेला, पुन्हा घे.
मी घेतला.
पहिलाही पुसला नाही.

रोलाच्या एका कॅफेटेरियात, शटर ओढून,
चादरीवर सिनेमा लागला.
रोशनला गोळी लागते तिथे सगळे पोट धरून हसले,
रोशन सगळ्यात जास्त.
गनीभाय चादरीकडे पाठ करून बसलेला,
नुसता ऐकत.
टँकरच्या दृश्याखाली मी तो पहिला टेक टाकला होता.
ठोके आले तेव्हा
त्याने कपातली साखर ढवळणं थांबवलं,
मग पुन्हा सुरू केलं, साखर केव्हाच विरघळलेली.

निघताना दारात म्हणाला,
"अकराच घेतलेस?"
बजेट नव्हतं, गनीभाय.
"आमी चौदा होतो."

उतरलात किती, असं मी विचारलं,
विचारायला नको होतं.
गल्ल्यापाशी गुलशेर चहाचे सुटे पैसे मोजत होता.
तो मोजायचा थांबला.