उशा आधी काढ

मंगळवारी पाहुणे नसतात.
सकाळचे सात. टेबललँडमागून ऊन अजून यायचंय,
खाली धोमचं पाणी शिशासारखं पडलेलं,
आणि मुल्लाचाचा काठावर उकिडवे बसून सांगतात,
प्रणिते, उशा आधी काढ.

ते त्याला हौद म्हणतात.
मालक जाकुझी म्हणतात, पाटीवर हॉट टब आहे.
सहा माणसांचा. रविवारी अकरा बसली होती,
पुण्याची, कुणाच्या तरी वाढदिवसाची,
गाळणीच्या चुण्यांत अजून चमकी निघतेय.

चार उशा, करड्या, मानेच्या वळणाच्या.
एका कडेनं सोलायच्या, संत्र्याच्या सालीसारख्या.
हिसडलीस तर कान फाटतो, चाचा म्हणतात,
आणि नवी उशी तुझ्या आठवड्याच्या पगाराची आहे.
मग पेले ठेवायची तबकडी.
मग दोरीला बांधलेला तापमापक.
मग बदक.

बदकाचं सांगायला हवं.
क्लोरीनच्या वड्या पोटात घेऊन
ते दिवसभर पाण्यात गोल फिरतं.
आलं तेव्हा पिवळंधमक होतं, हळद लागल्यासारखं.
आता त्याचा बगळा झालाय,
चोच तेवढी केशरी, तीही एकाच बाजूनं.
ह्याला कुठवर जपणार, चाचा म्हणाले,
ह्याची नोकरीच ती.

उशा साध्या पाण्यानं धुतल्या,
सिल्व्हर ओकच्या सावलीत पालथ्या घातल्या.
मग डोस. बादलीत पाणी आधी, पूड नंतर,
उलटं कधीच नाही,
वारा पाठीवर घेऊन.
वाईच्या आयटीआयत हे होतं पुस्तकात,
पण पुस्तकाला डोळे चुरचुरत नाहीत.

झाकण लावायला गेले तर मनगट धरलं त्यांनी.
उघडं राहू दे.
लावलंस की वाफ वर जाते आणि त्याला आतून खाते.
वरून नवंकोरं दिसतं,
मग एक दिवस उचलायला जावं
तर सगळं हाताला चिकटून येतं.

आता थांबायचं.
हेही कामच आहे, पण ह्याचे पैसे कुणी धरत नाही.
दहाला पट्टी बुडवली: वांग्यासारखी जांभळी.
बाराला तशीच.
जेवणानंतर भिलारहून गोळेवहिनी आल्या,
पेटीत न बसणारी वाकडी स्ट्रॉबेरी ओंजळभर देऊन गेल्या.

चाचांनी एक उचलली, नाकाशी नेली,
क्षणभर तशीच धरली
आणि तोंडात टाकली.
वास येतो का हो, मी विचारलं.
नऊ वर्षं झाली, म्हणाले,
चुकलेल्या एस्टीबद्दल बोलावं तसं.
नाक अजून सवयीनं पुढं होतं.
तू सांग, कसा आहे?
मी हुंगून पाहिलं. मला तरी कुठं,
माझ्या बोटांना क्लोरीनचाच होता.
गोड आहे, म्हटलं.
खाल्ली तर आंबटढाण निघाली,
आणि त्यांना ते आधीच कळलेलं होतं.

चारला पट्टी फिकटली,
पाणी घातलेल्या कोकमाइतकी.
आता.
उशा परत खुंट्यांत, टक, टक,
पुसलेल्या, कोरड्या, कानासकट शाबूत.
पुढच्या मानांसाठी.

पुढच्या मंगळवारी मी लवकर आले.
चाचा बसले होते तिथंच.
म्हणाले, उशा आधी.
मी म्हटलं, नाही, हे आधी,
आणि पिशवीतून मास्क काढला, गोल डबीचा,
वाईच्या हार्डवेअरमध्ये दोन दुकानं हिंडून घेतलेला.

त्यांनी तो उलटासुलटा पाहिला,
रबर ताणून पाहिलं,
शिलाई पाहिली, जशी उशीची पाहतात.
मग हसून बदकाला घातला.
बदक त्यात पूर्ण मावलं,
चोचीची केशरी बाजू तेवढी बाहेर.

मी काही बोलले नाही.
पिशवीत पुन्हा हात घातला.
मी तीन आणले होते.