नांगर टाकायचा राहिला

पुनवेला आली भरती मोठी,
पाणी चढलं धक्क्याच्या ओठी.
दिवाळे गावात, जेटीपाशी
बाबांची होडी डुलत जराशी.

होडीत कोण? तर हर्षालीताई,
जिला कशाचीच भीती नाही;
सेक्टर आठचा झुबेर, बॅट घेऊन;
मी, डब्यात चार घावनं ठेवून;
आणि सुकट, आमची मांजर,
जिला कुणीच बोलावलं नव्हतं, पण तरी हजर.

ताई म्हणाली, "पुस्तकात आहे,
पाण्याला चंद्र ओढत राहे.
पाणी ओढतो. होडी पाण्यात.
आपण होडीत. आलं ना ध्यानात?"
झुबेर म्हणाला, "नांगर टाकला?"
ताई म्हणाली, "तू नाही टाकला?"
दोघांनी मग माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, "अरेच्चा! तेच राहिलं!"

तेवढ्यात होडी हळूच उठली,
तळाखालची खाडी सुटली.
रोहित पक्षी झोपले होते
एका पायावर, चोच पंखात;
एकाने डोळा उघडून पाहिलं,
म्हणाला, "ह्यॅ!" आणि पुन्हा शांत.

सीवूड्सचे टॉवर, उभ्या काड्या,
पुलावर मुंग्या, म्हणजे गाड्या.
पामबीचचे दिवे झाले मोहरी,
आणि मग काळोख, चहूकडे, वरही.

धप्प नाही की धाडकन नाही,
कापसावर जशी पडावी राई
तशी होडी चंद्राला टेकली.
ताईने दोरी खड्ड्यात फेकली
आणि ओरडली, "आता तरी टाका!"
झुबेर म्हणाला, "हो, नाखवाकाका!"

चंद्रावर सगळं राखाडी राखाडी,
झाड ना झुडूप, डबकं ना खाडी.
सुकटने मारली उंदरावर झेप
(उंदीर कसला? माझीच सावली),
वरच राहिली पाय पसरून,
आणि मग कधीतरी खाली आली
कशाला उडालो तेच विसरून.

मैदान मात्र केवढं मोठं!
सेक्टर आठमध्ये असं कुठं?
तिथे नेहमीच, "काच फुटेल",
"वॉचमन येईल", "बाळ उठेल".
इथे वल्ही रोवून केले स्टंप,
आणि सुकट झाली आमची अंप.

झुबेरने असा टोला हाणला,
चेंडू गेला... गेला... गेला...
"सिक्सर!" "बारा!" "शंभर तरी!"
"मारणाराच आणणार! जा की, पळ की!"
"मी का? बॉलिंग तुझीच हलकी!"

(चंद्रावर हवा नसते म्हणे.
मग आम्ही भांडलो कसे?
ते ताईला विचारा.
मी विचारलं तर ती म्हणते, "गप्प बस.")

भांडण झालं. घावनं संपली.
सुकट खड्ड्यात वळसा घालून झोपली.
पावणेदोन तास झाले असतील,
झुबेर अजून क्रीजवर ताठ,
"नाबाद मी! नाबाद!" हेच पाठ.

आणि मागून, अगदी मागून,
अख्ख्या चंद्राला वळसा घालून
चेंडू आला, तोच, तस्साच,
आणि मधलं वल्हं गेलं उडून!

सुकटने एकच पंजा उचलला.
झुबेर कळवळून म्हणाला,
"मीच मारला आणि मीच बाद?
हा कुठला न्याय? ही कुठली दाद?"

तेवढ्यात खालून, खूप खालून,
ढगाबिगांच्या पार पल्याडून
"पोरांनू! जेवाला येताव का नाय?"

आता मात्र धावले पाय.
हवा नसू दे, नसू दे वारा,
आईच्या हाकेला कसला पहारा!

ओहोटी लागली. होडी उतरली,
चिखलात येऊन चपक बसली.
आईने पाहिले पाय आमचे,
"कंच्या चुलीत लोळून आलाव?
धुवा आधी!" मग धक्क्यावरून
चंद्राची धूळ गेली वाहून.
थोडी सुकटने हुंगली,
आणि सात वेळा शिंकली.

माझी एक चप्पल वरच राहिली.
निळी. डावी. दिसली तर सांगा.
झुबेर म्हणतो, मॅचही अर्धी,
पुढच्या पुनवेला खेळू सगळी.

नांगराचं काम माझ्याकडेच आहे.
या वेळी नक्की लक्षात ठेवीन.
म्हणजे, विसरायचं
लक्षात ठेवीन.