तपकिरी चांदी

चोपड्याच्या कॉलेजातली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा
सकाळी सव्वासातला मी उघडतो.
सत्तावीस वर्षं काचा धुतोय.
फुटल्या किती, रजिस्टरात आहे.
वाचल्या किती, ते कुठेच नाही.

हर्षाली फिरके पीएच.डी. करते.
म्हणाली, सुकलालभाऊ, निरगुडी आणाल का?
रस्त्याकडेची नको, धूर बसलेली.
उनपदेवच्या वाटेवरच्या नाल्यातून पिशवीभर आणली.
एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं,
हाई काय शे? कंबर दुखस का?
म्हटलं, नाही, याची चांदी करायचीय.
ती जरा सरकून बसली.

पाला धुतला, सावलीत सुकवला,
साठ अंशावर शिजवून गाळला.
पाणी फिकं पिवळं,
वास थेट बाळंतिणीच्या न्हाणीचा.
मग काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली काढली.
सिल्व्हर नायट्रेट उजेडाला भितं.
बोटाला लागलं तर लगेच काही नाही,
संध्याकाळी बोट काळं.
हर्षालीचे आप्पा फैजपूरला केळी कापतात,
त्यांच्या सदऱ्यांवर चिकाचे डाग,
तेही असेच, उशिरा उमटणारे,
साबणाला न जुमानणारे.

थेंब.
थेंब.
बराच वेळ काही नाही.
ती मोबाइलवर मिनिटं मोजत होती,
मी गळका नळ बघत होतो.
मग रंग चढला : चहा,
गुळाचा चहा,
कळण्याची भाकर.
झाली चांदी, ती म्हणाली.
मी म्हटलं, कुठेय?

माझ्या आईच्या गळ्यात हासडी होती, पावशेर वजनाची,
चुलीच्या उजेडातही पांढरी.
चांदी म्हणजे ती, इतकंच मला ठाऊक.
हर्षाली म्हणाली, पाण्यात विरलेली होती, भाऊ,
निरगुडीनं कणकण करून गोळा केली
आणि फार मोठी होऊ दिली नाही.
एवढी लहान ठेवली
की ती आपला रंग विसरली.

काचेच्या बशीत करप्याची बुरशी,
आप्पांच्याच बागेतल्या पानावरून आणलेली.
मधल्या खड्ड्यात दोन थेंब.
आठव्या दिवशी भोवती स्वच्छ गोल,
सारवलेल्या अंगणासारखा.
पट्टी लावली : चौदा मिलिमीटर.
नुसत्या पाल्याच्या पाण्याभोवती काही नाही.
मग वाकून पाहिलं, खोडलं,
लिहिलं : थोडंसं.

संध्याकाळी आप्पांचा फोन, फवारू का?
तिनं उत्तर दिलं नाही.
माझ्या डब्यातलं दही मागितलं, चमचाभर.
दोन नळ्यांत कोमट दूध, दोन्हींत विरजण,
एकीत चार थेंब तपकिरी चांदीचे.

सकाळी पहिली नळी उलटी धरली.
दही पडलं नाही.
दुसरीतलं दूध होतं तसं,
पातळ, हलणारं,
रात्र झालीच नव्हती जणू.

चौदा मिलिमीटरच्या खाली
तिनं हेही वहीत लिहिलं, त्याच शाईनं.
मग फोन लावला.
नको, आप्पा, एवढ्यात नको.
मातीतपण कुणी विरजण लावून ठेवलेलं असतं.
पलीकडून आप्पा काय म्हणाले
मला ऐकू आलं नाही. बराच वेळ म्हणत होते.

मी नळ्या धुवायला घेतल्या,
आणि हात मोरीवर थांबला.
हे पाणी पुढे कुठे जातं,
सत्तावीस वर्षांत विचारलं नव्हतं.
झाकणाची एक बरणी शोधली,
सगळं तिच्यात रिकामं केलं,
चिठ्ठी चिकटवली, माझ्या अक्षरात :
ओतू नये.